ज्यानं जोडलं, त्यानंच उडवायचं

ज्या माणसानं एकोणचाळीस वर्षं अख्ख्या गावाचे फ्यूज उपटले आणि बसवले, त्याला एकाहत्तराव्या वर्षी एक प्लग उपटता येईना. प्लग तरी केवढा म्हणाल? अंगठ्याच्या पेराएवढा. पिवळ्या प्लास्टिकचा, आत सोनेरी मुलाम्याच्या दोन पिना. खेळण्यातल्या विमानाची बॅटरी जोडायचा कनेक्टर तो. 'खेळण्यातलं' हा शब्द त्याच्या कानावर गेला तर आपली धडगत नाही, पण तो आत्ता इथं नाही, म्हणून बोलून घेऊ.

त्याला सगळे वायरमन म्हणत. नोकरी संपून अकरा वर्षं झाली तरी वायरमनच. नोकरी संपली तेव्हा बाकीचे लोक बाकावर बसून गुडघ्यांच्या गप्पा मारायला लागले आणि हा पठ्ठ्या विमानं बांधायला लागला. आत्ताचं जे पांढरं विमान होतं, त्यावर त्यानं अकरा महिने घातले होते. हलक्या लाकडाच्या पंखांच्या बरगड्या त्यानं एकेक करून कापल्या, वर पातळ प्लास्टिकचा पापुद्रा चढवला, तो इस्त्रीनं ताणून बसवला. इस्त्री बायकोची होती. ती इस्त्री पुढं कुठल्याच कपड्याच्या कामाची राहिली नाही, आणि बायकोनं त्यावर चकार शब्द काढला नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण त्यानं ते ठेवलं नव्हतं.

पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर दर रविवारी सकाळी विमानं उडवणारी मंडळी जमत. आठ-दहा डोकी, बहुतेक पिकलेली. त्यात एक पोस्टमन होता, तोही निवृत्त, आणि एक बेकरीवाला होता, तो मात्र अजून भट्टीवर उभा राहणारा. मैदानाचा जुनाजाणता म्हणजे वायरमन. कुणाचं विमान उडेना, कुणाची मोटर फिरेना, की हाक त्याला. तो यायचा, दोन बोटांनी काहीतरी हलवायचा, आणि ते चालू व्हायचं. त्या दोन बोटांचा त्याला फार गर्व होता. असायलाही हरकत नव्हती म्हणा.

तीच दोन बोटं आधी गेली. संधिवात. आधी उजव्या अंगठ्याचं मूळ सुजलं, मग शेजारची बोटं, मग डावा हातही मागं कशाला राहील. सकाळी उठल्यावर मूठ वळायला वीस मिनिटं लागत. शर्टाची बटणं, बरणीची झाकणं, नळाची तोटी, सगळ्यांनी एकेक करून त्याच्याशी वैर धरलं. ते त्यानं सोसलं. बटणांच्या जागी टिचबटणं आली, बरणी बायको उघडायला लागली. पण त्या पिवळ्या कनेक्टरपाशी त्याचं घोडं अडलं.

तो कनेक्टर घट्टच असावा लागतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? त्या एका जोडातून मोटरला वीज जाते आणि रिमोटचा हुकूम ऐकणाऱ्या डबीलाही जाते. हवेत तो जोड क्षणभर सुटला तर विमान म्हणजे नुसता दगड. म्हणून पिनांना मधोमध चीर दिलेली असते. त्या आत गेल्या की स्प्रिंगसारख्या फाकून बसतात. जोडताना अंगठ्यानं रेटायचं, चट् करून ठिणगी उडते, विमान तीनदा टींटीं करतं, आणि त्या घटकेपासून पंखा जिवंत. काढताना दोन्ही टोकं दोन्ही हातांच्या चिमटीत धरून सरळ ओढायचं. वायर धरून ओढायचं नाही. आयुष्यभर हा माणूस लोकांना बजावत आला होता, 'वायर धरून प्लग ओढू नका हो.' आता चिमटीच राहिली नव्हती, तर धरणार काय?

त्यानं रबरी हातमोजे घालून पाहिले. फडकं गुंडाळून पकडीनं पाहिलं. बेकरीवाल्यानं प्लास्टिकची एक तरफ आणून दिली, फटीत घालून दाबायची. पण दाबायचं अंगठ्यानंच, आणि दुखणं सगळं अंगठ्यातच. त्यानं ती खणात टाकली आणि म्हणाला, "मला कुबडी नको." बोलायला ठीक आहे.

मग एका रविवारी शोभा व्हायची ती झाली. विमान छान उडालं, छान उतरलं, आणि बॅटरी निघेना. पंखा जिवंत, विमान मांडीवर दाबून धरलेलं, आणि हा घामाघूम होऊन आठ मिनिटं झटतोय. बाकीचे दुसरीकडं पाहत उभे राहिले, आणि तेच जास्त लागतं. शेवटी पोस्टमन आला, खाली वाकला आणि कनेक्टर काढून दिला. पोस्टमन त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा. सत्त्याहत्तर वर्षांची बोटं, आणि नीट सरळ, कोवळ्या काकडीसारखी. वायरमन घरी आला तो जेवला नाही. "पित्त झालंय," म्हणाला. पित्त कसलं, पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं पोटाचं नव्हतं.

त्या झटापटीत अंगठा असा सुजला की आता जोडणंही जमेना, म्हणून पुढच्या रविवारी तो बायकोला घेऊन गेला. बायको चौतीस वर्षं छापखान्यात बाइंडर होती. छापलेल्या कागदांचे फर्मे घडी घालायचे, शिवायचे, दोरा ओढून गाठ मारायची, दिवसाला शेकड्यांनी. सदुसष्टीतही तिच्या बोटांत अशी ताकद होती की भाजीवाली तिच्याशी हात मिळवायला घाबरायची. तिनं विमानाची टोपी, म्हणजे बॅटरीवरचं झाकण, उघडली, बॅटरी बसवली, कनेक्टर हातात घेतला आणि विचारलं, "हा? एवढ्यासाठी आठ मिनिटं?" शेंगेतून दाणा काढावा तसा तिनं तो काढून दाखवला, आणि परत लावला. टींटीं झालं.

वायरमननं रिमोटला हात घातला, तेवढ्यात पोस्टमन म्हणाला, "वायरमन, थांबा. नियम."

नियम म्हणजे शेडच्या फळीवर लाल रंगात लिहिलेला. 'ज्यानं बॅटरी जोडली, त्यानंच विमान उडवायचं.' सहा वर्षांपूर्वी बेकरीवाला कुणाच्या तरी विमानाची बॅटरी जोडत होता आणि मालकानं पलीकडून रिमोट उचलला. पंखा फिरला आणि बेकरीवाल्याच्या तर्जनीला सात टाके पडले. नशीब की बोट राहिलं. तेव्हा हा नियम केला. केला कुणी, रंग आणला कुणी, ब्रश फिरवला कुणी, तर वायरमननंच. आणि नंतर कुणी कुरकुर केली की हाच तावातावानं म्हणायचा, 'नियम म्हणजे नियम. माझा बाप आला तरी.' बाप काही आला नाही. बायको आली.

"अहो, ती कुठं उडवणार आहे?" वायरमन म्हणाला.

"रिमोट वहिनींच्या हातात राहू द्या. तुम्ही मागं उभं राहून सांगा. शिकतील की," पोस्टमन म्हणाला.

असं ते सुरू झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पहिले तीन-चार रविवार बरं चाललं होतं. ती बिचारी रिमोट गरम पातेल्यासारखा धरायची आणि हा मागून ओरडायचा, "डावं! अगं डावं! नाक वर!" ती गोंधळायची, विमान डगमगायचं, हा कपाळाला हात लावायचा, आणि मनातून त्याला फार बरं वाटायचं. विमान आपलंच आहे, उडवणाराही खरा आपणच. बायको म्हणजे नुसता हाताचा जोड.

पण ती बाइंडर होती ना. एकच काम हजारदा केल्याशिवाय ते हाताला कळत नाही, हे तिला ठाऊक होतं, आणि हजारदा करायचा तिला कंटाळा नव्हता. स्वयंपाक करता करता ती रिकाम्या हातांचे अंगठे हलवायची. सहाव्या रविवारी तिनं त्याचं ओरडणं संपायच्या आत वळण घेतलं. आठव्या रविवारी पोस्टमननं त्याला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "राग मानू नका, पण तुम्ही बाकावर बसा. तुमच्या आवाजानं त्यांचा हात दचकतो."

बाकावर बसा! त्या मैदानावरचं गवत ज्यानं काढलं, त्याला. तो बसला. बसून पाहत राहिला. त्याचं विमान, त्याची बायको, आणि मध्ये कोण, तर तो काकडीच्या बोटांचा पोस्टमन, तिला सांगतोय, "हळू, वहिनी. असं. शाब्बास." वायरमननं तिला बेचाळीस वर्षांत शाब्बास म्हटलं नव्हतं, तशी वेळच आली नव्हती, असं त्याचं म्हणणं. आता कुणी म्हटलं तर याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

आणि आता सरळच सांगून टाकतो, कारण झाकून काही उपयोग नाही. त्याला पोस्टमनचा हेवा वाटत होता तो थोडा. खरा हेवा वाटत होता बायकोचा. तिच्या बोटांचा. ती चहाचा कप कानाला धरून उचलायची तेव्हा तो त्या चिमटीकडं पाहायचा. ती सुईत दोरा ओवायची तेव्हा तो खोलीतून उठून जायचा. मैदानावर ती विमान उतरवायची तेव्हा तो चाकांच्या उड्या मोजायचा, आणि तीन भरल्या की त्याचा दिवस चांगला जायचा. उडी पडलीच नाही तर घरी येईपर्यंत तो वाऱ्याच्या दिशेबद्दल बोलायचा. "आज वारा समोरून होता. आजच्या वाऱ्यात कुणीही उतरवलं असतं."

"हो का," ती म्हणायची. तिला कळत नव्हतं असं नाही. पण ती आनंदात होती, आणि आनंदातल्या माणसाला दुसऱ्याचं तोंड वाचायला वेळ कमी असतो.

मग परीक्षा ठरली. मैदानाची रीत अशी की एकट्यानं उडवायची परवानगी हवी तर दोरीनं आखलेल्या चौकटीत तीनदा विमान उतरवून दाखवायचं. पोस्टमननं वहीत तिचं नाव लिहिलं. ती पास झाली की तिच्यामागं उभं राहायला कुणी लागणार नव्हतं. म्हणजे पोस्टमन नाही, आणि नवरा तर नाहीच. पांढरं विमान नावाला त्याचं राहणार, उडणार तिच्या हातून. वायरमन पुरता हादरला. त्यानं ठरवलं, परीक्षेच्या दिवशी सगळ्यांसमोर आपण स्वतः कनेक्टर लावायचा, स्वतः उडवायचं, स्वतः काढायचा. एकदा तरी. मग बघू कोण बाकावर बसतं.

शनिवारी दुपारी बायको बाजारात गेली होती. त्यानं विमान टेबलावर घेतलं, टोपी काढली, आणि विमानाच्या बाजूच्या त्या दोन सोनेरी पिना भिंगाखाली पाहिल्या. मधल्या चिरा फाकलेल्या होत्या, असाव्यात तशा. त्यानं नोकदार पक्कड घेतली. दोन्ही तळहातांमध्ये तिचे दांडे धरले आणि एक पिन हलकेच दाबली. मग दुसरी. चीर थोडी मिटली. बॅटरी लावून पाहिली: अजून घट्ट. परत एकदा दाबली. लावून पाहिली. आता बसत होती, निघत होती, पण अंगठ्यात कळ येत होती. अजून एकदा दाबली.

कनेक्टर लोण्यात सुरी जावी तसा गेला आणि तसाच आला.

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर त्यानं त्याला मैदानातून हाकलून दिलं असतं. खांबावर चढायच्या दिवसांत सैल जोड सापडला की तो शिव्या घालायचा, आणि नवी पोरं हाताखाली आली की पहिला धडा हाच द्यायचा, की आग तारेमुळं लागत नाही, सैल जोडामुळं लागते. हे सगळं त्याला त्या क्षणी आठवलं. पण बोटांनी कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा आपलं काम स्वतः केलं होतं. त्यानं कनेक्टर आठ-दहा वेळा लावला, काढला, लावला, काढला. त्याचे डोळे भरून आले. 'तीन मिनिटांचं तर उडणं,' तो स्वतःला म्हणाला. 'तेवढं टिकेल.'

रविवारी मैदानावर गेले तर पोस्टमननं वहीत पहिलंच नाव वहिनींचं घातलेलं. "वारा वाढायच्या आत त्यांचं उरकून घेऊ," तो म्हणाला. "तुम्ही मागून हवं तितकं उडवा."

वायरमननं तोंड उघडलं. काय सांगणार? 'आधी मी' म्हणावं तर बायकोची परीक्षा, चार लोक जमलेले. 'पिना सैल आहेत' म्हणावं तर, कुणी केल्या? त्यानं तोंड मिटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बायकोनं टोपी उघडली, बॅटरी बसवली, कनेक्टर लावला. तो गेला पटकन. ती थबकली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते त्यानं बाकावरून पाहिलं. "अहो, आज किती सहज गेला," ती त्याच्याकडं वळून म्हणाली. "हात बसला बघा माझा."

ही वेळ होती. एक शब्द पुरे होता. 'थांब' एवढाच. आणि तो शब्द त्याच्या तोंडातून निघाला नाही, कारण, आता हेही सांगून टाकतो, त्याच्या मनात आलं होतं की एखादं उतरणं चुकू दे. विमान पडावं असं नव्हतं वाटलं त्याला. फक्त हवेत जरा गचका बसू दे, जरा चौकटीबाहेर जाऊ दे, म्हणजे झालं. पुढच्या महिन्यात परत बघू.

पहिलं उतरणं चौकटीत. दुसरं चौकटीत, उडी न घेता. बेकरीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. तिसऱ्यासाठी तिनं विमान टाकीच्या वरच्या अंगाला वळवलं, पंख तिरके झाले, आणि मोटरचा आवाज एकदम थांबला.

ती रिमोटच्या दांड्या ओढत होती. विमान ऐकत नव्हतं. नाक खाली करून ते आलं आणि मैदानाच्या कडेच्या खडीवर आपटलं. कुणाला लागलं नाही एवढं नशीब. जवळ जाऊन पाहिलं तर अकरा महिन्यांच्या बरगड्यांची काडेपेटी झालेली. बॅटरी चार हात लांब उडाली होती. अर्थात, आपटल्यावर बॅटरी उडणारच, त्यावरून कुणाला काय कळणार?

लोक तिच्याभोवती जमले. "होतं असं, वहिनी." "माझी पाच पडली." ती कुणाकडं पाहत नव्हती. ती वायरमनकडं आली आणि म्हणाली, "तुमचं विमान मोडलं मी." तो म्हणाला, "असू दे." त्याला वाटलं होतं की राग येईल, किंवा गुपचूप बरं तरी वाटेल. काहीच वाटलं नाही. मोडके तुकडे पिशवीत भरताना त्यानं सगळ्यांत आधी कनेक्टरच्या पिना, कुणाला दिसू नयेत म्हणून, चिंधीत गुंडाळल्या.

सोमवारी तिनं शिवणाचं मशीन उघडलंच नाही. मंगळवारी तिनं बरणी उघडली, बंद केली, परत उघडली. बुधवारी त्यानं पाहिलं की ती खिडकीपाशी उभी राहून एकेक बोट दुसऱ्या हातानं दाबून बघतेय.

गुरुवारी सकाळी तो उठून स्वयंपाकघरात आला, तर ती टेबलाशी बसली होती आणि तिचे दोन्ही हात कोमट पाण्याच्या घमेल्यात होते. घमेलं त्याचं. रोज सकाळी तो त्यात बोटं शेकायचा.

"हे काय?" त्यानं विचारलं.

"तुमच्या त्या संधिवाताच्या डॉक्टरांचा नंबर द्या," ती म्हणाली. "मला वाटतं माझ्याही बोटांत आलंय."

"दुखतंय?"

"दुखत नाही. पण त्या दिवशी मला कळलंच नाही हो. कनेक्टर गेला तसा मी सोडून दिला. नीट बसला असता तर सुटला नसता. आत जोर लागला की नाही ते बोटांना कळायला हवं होतं. चौतीस वर्षं मला दोरा किती ताणलाय ते न बघता कळायचं." ती पाण्याकडं पाहत बोलत होती. "तुमचंही असंच सुरू झालं असेल. आधी कळेनासं होत असेल, मग दुखत असेल. मी आता बॅटरीला हात लावायची नाही. शिवणाचं मशीनही देऊन टाकते कुणाला तरी, उगाच पडून राहील."

हवं होतं ते मिळालं होतं त्याला. ती आता उडवणार नव्हती. सुईत दोरा ओवणार नव्हती. त्याच्यासमोर बसून तीही रोज सकाळी घमेल्यात हात घालणार होती, दोघं सारखेच. वायरमन खुर्ची धरून उभा राहिला.

"तुझी बोटं ठीक आहेत," तो म्हणाला. "पिना मी दाबल्या होत्या."

"कसल्या पिना?"

"कनेक्टरच्या. शनिवारी, तू बाजारात गेली होतीस तेव्हा. मला लावता यावा म्हणून सैल केल्या. जास्त झाल्या. त्यामुळं तो तुझ्या हाताला सहज गेला आणि त्यामुळंच हवेत सुटला."

मग तिनं हात पाण्यातून काढले, पदराला पुसले, उजवी मूठ वळली, उघडली. डावी वळली, उघडली. आणि ती हसली. तिचा श्वास सुटला तो त्याला ऐकू आला. "म्हणजे मला काही झालं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"खरंच ना?"

"खरंच."

एवढं हसून झालं, मग तिचं तोंड बदललं. "मी लावत होते तेव्हा तुम्ही बाकावर होतात," ती म्हणाली.

"हो."

"माहीत होतं तुम्हाला."

"हो."

"मी तुम्हाला म्हटलं की माझा हात बसला."

तो खुर्चीवर बसला.

"आणि चार दिवस मी बोटं चाचपत फिरतेय ते बघत होतात." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला सोपं गेलं असतं. "का?"

"हेवा वाटला," तो म्हणाला. "तुझा. तुझ्या हातांचा. आज नाही, वर्ष झालं."

ती उठली, घमेल्यातलं पाणी ओतून आली, आणि घमेलं त्याच्यासमोर ठेवलं. "मला सांगितलंत ते रविवारी सगळ्यांना सांगायचं," ती म्हणाली. "ते सगळे समजतायत की विमान मी पाडलं." त्यानंतर रविवारपर्यंत ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. चहा ठेवलाय. दार लावा. बस.

रविवारी त्यानं सांगितलं. शेडसमोर, नऊ माणसांपुढं, उभं राहून. पक्कड कशी धरली तेही सांगितलं. बेकरीवाल्यानं विचारलं, "पण सैल आहे हे माहीत असताना त्यांना उडवू का दिलंत?" तेव्हा 'हेवा' हा शब्दही त्यानं सगळ्यांसमोर उच्चारला. कुणी हसलं नाही. बेकरीवाला आपल्या तर्जनीकडं बघत होता. पोस्टमननं वही काढली आणि म्हणाला, "तीन महिने तुम्हाला विमानांना हात लावता येणार नाही, वायरमन. कुणाच्याच. बाकावर बसायला हरकत नाही." हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. वायरमननं मान हलवली आणि जाऊन बसला.

मग पोस्टमननं आपलं निळं विमान वहिनींपुढं ठेवलं. "तुमची दोन झालीत. तिसरं याच्यावर करा."

तिनं बॅटरी बसवली. कनेक्टर रेटायला तिला चांगलाच जोर लागला. लावून झाल्यावर तिनं तो ओढून पाहिला, परत ओढून पाहिला, मग टोपी लावली. विमान वर गेलं. टाकीच्या वरच्या अंगाला तिनं तेच वळण घेतलं, मुद्दाम घेतलं असावं, आणि हळूहळू खाली आणून चौकटीच्या ऐन मध्यावर टेकवलं. चाकांनी एकही उडी घेतली नाही. वारा समोरून नव्हता, आडवा होता, आणि आडव्या वाऱ्यात असं उतरवणं वायरमनला त्याच्या चांगल्या दिवसांतही जमलं नव्हतं.

लोक टाळ्या वाजवत होते. तिनं बॅटरी काढली, विमान पोस्टमनच्या हाती दिलं आणि सरळ बाकापाशी आली. तीन दिवसांनी तिनं त्याला पहिला बिनकामाचा प्रश्न विचारला.

"कसं उतरलं?"

तो वाऱ्याबद्दल काहीतरी बोलणार होता. जिभेवर आलं होतं. "माझ्यापेक्षा चांगलं," तो म्हणाला.

ती त्याच्या शेजारी बसली, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. वायरमनच्या पोटात दुखत होतं, पूर्वीइतकंच.